भाजीची रोपं पडवीत करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. ठाण्यातली नोकरी संपवून गुहागर तालुक्यातल्या गावच्या घरी राहायला आलेले एक गृहस्थ विचारतात: "परदेशातले लोक फेब्रुवारीत घरात दिव्याखाली भाजीची रोपं करतात आणि वसंत आला की बाहेर लावतात, असे व्हिडिओ मी खूप पाहिले. तसंच ऑगस्टअखेरीला मिरची, वांगी आणि टोमॅटोचं बी ट्रेमध्ये टाकून माजघराच्या खिडकीत ठेवलं. उगवलं छान, पण आठ दिवसांत रोपं लांबडी झाली आणि अर्धी आडवी पडली. हीटिंग मॅट आणि ते जांभळे दिवे मागवू का? की आपल्याकडे हे जमतच नाही?"

मॅट मागवू नका. दिव्यांचं पुढे बोलते. आणि जमतं. दापोली तालुक्यात मी २२ वर्षं रोपवाटिका चालवते आहे आणि दर भाद्रपदात माझी पडवी रोपांनी भरलेली असते. त्या काळात घरात यायचं तर पाहुण्यांनाही मागच्या दारानं यावं लागतं.

तुमची गडबड कुठे झाली, तर तुम्ही त्यांची कृती घेतली आणि कारण तिकडेच ठेवलंत. त्यांच्याकडे बाहेर बर्फ असतो. शेवटचं दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, कधी पडेल ती तारीख धरायची, तिथून सहा ते आठ आठवडे मागे मोजायचे आणि घरात बी टाकायचं, असा त्यांचा हिशेब. घराच्या भिंती त्यांना थंडीसाठी लागतात. आपल्याला सप्टेंबरात कसली थंडी? रात्रीसुद्धा पारा २३-२४ अंशांच्या खाली फारसा उतरत नाही. मिरचीच्या बियाला उगवायला २५ ते ३० अंश लागतात, ते आपल्याकडे फुकट मिळतात. आपली अडचण डोक्यावरून पडणाऱ्या पाण्याची आहे. चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. उघड्या वाफ्यावर टाकलेलं वांग्याचं बी एका सरीत कुंपणाला जाऊन लागतं. तेव्हा आपल्याला छप्पर हवं आहे. भिंती नकोत, आणि तुम्ही ट्रे नेमका भिंतींच्या आत नेलात.

माजघराची खिडकी आपल्याला उजेडाची वाटते, कारण डोळा फसवतो. मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप मिळतं, ते घेऊन फिरा. पावसाळी दुपारी अंगणात पाच-दहा हजार लक्स सहज दिसतील. तेच माजघरात खिडकीपासून दोन हात आत गेलात की शे-दोनशे. इतक्या उजेडात पेपर वाचता येतो, वांगं वाढत नाही. मग ते बिचारं उजेड शोधायला मान लांब करतं, देठ दोऱ्यासारखा होतो, आणि वर दमट कोंडलेली हवा असली की मातीला टेकलेल्या जागी तो पाणचट होऊन आवळला जातो. एक आडवं झालेलं रोप उचलून बघा. पानं हिरवीगार असतील, मुळंही दिसतील, फक्त मातीच्या रेषेवर पायात दोरा बांधून ओढल्यासारखी बारीक, तपकिरी जागा असेल. ही रोपांची मर. ओलसर, कोंदट माती मिळाली की तिची बुरशी एका कोपऱ्यातून निघून दोन दिवसांत अख्खा ट्रे फस्त करते. पडलेली रोपं वाचत नाहीत. ती मातीसकट काढून लांब टाका, शेणखतात टाकू नका.

मग ठेवायचं कुठे? पूर्वेच्या पडवीत. पश्चिमेच्या पडवीत नको. तिथे पावसाची झड येते, आणि तुमचं घर समुद्रापासून किलोमीटर-दोन किलोमीटरवर असेल तर नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर खारही येतो. कोवळ्या पानांच्या कडा करपल्यासारख्या दिसल्या की माझा पहिला संशय त्या वाऱ्यावर असतो, खतावर नंतर. शिवाय पश्चिमेला पावसाळ्यात आपण झापं बांधून आधीच अंधार केलेला असतो. पूर्वेला सकाळचं ऊन तिरपं आत येतं, आणि सप्टेंबरात सूर्य जवळजवळ थेट पूर्वेलाच उगवतो. कौलारू घर असेल तर पडवीवरची चार-सहा कौलं काढून काचेची कौलं बसवा. आमच्या सासूबाईंनी दळणाच्या जागेवर उजेड यावा म्हणून दोन काचेची कौलं घातली होती. त्या उजेडाच्या चौकोनाखाली मी पहिला ट्रे ठेवला आणि बाजूला सावलीत दुसरा. दहा दिवसांनी दोन्ही शेजारी धरल्यावर कुणाला सांगायची गरज उरली नाही. पत्र्याची पडवी असेल तर एक पत्रा काढून पारदर्शक पत्रा टाकावा. ज्यांना अंगणात जागा आहे त्यांनी बांबूच्या सांगाड्यावर दोनशे मायक्रॉनचा पॉलिहाउसचा कागद ताणून उतार द्यावा आणि बाजू उघड्या ठेवाव्यात. वरून कोरडं आणि चारी अंगांनी वारा, एवढं साधलं की निम्मं काम झालं.

आता दिवे. पडवीला उजेड कमी असेल आणि दुसरा इलाज नसेल तर जरूर लावा, पण जांभळे नकोत. साध्या चार फुटी, वीस वॅटच्या पांढऱ्या एलईडी ट्यूब दोन शेजारी शेजारी टांगा, रोपांच्या शेंड्यांपासून वीतभर अंतरावर. व्हिडिओत दाखवतात तो दिवा महाग असतो, आणि जांभळ्या उजेडात पान पिवळं पडलं तरी आपल्याला दिसत नाही. रोज चौदा तास लावा. दोन ट्यूबचे दिवसाला अर्ध्या युनिटहून थोडे जास्त, म्हणजे महिन्याला सतराच्या आसपास युनिट. रात्रभर चालू ठेवू नका. टोमॅटोला अखंड उजेड सोसत नाही, पानांवर पिवळे डाग येतात. पावसाळ्यात लाइट जाते ती किती वेळ जाते हे तुम्हाला आता कळलंच असेल. तेव्हा दिवा मदतीला ठेवा, त्याच्या भरवशावर राहू नका. आणि दमट पडवीत उघडे जोड, लोंबती वायर चालणार नाही, वायरमनकडून नीट करून घ्या.

मातीवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण लोक इथेच वाया जातात.

शेतातली तांबडी माती कपात भरलीत तर तिसऱ्या पाण्याला तिची वीट होते. पुळणीची वाळू मिसळू नका, ती खारी असते. नदीची वाळू घ्या. मी दोन भाग काथ्याचा भुसा, एक भाग चाळलेलं गांडूळखत आणि अर्धा भाग वाळू घेते. भुसा म्हणजे नारळाच्या सोडणातून काथ्या काढल्यावर उरतो तो, ज्याला बाजारात कोकोपीट म्हणतात. पाच किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते, घरच्या बागेला दोन वर्षं पुरते. पण भुसा धुतल्याशिवाय वापरायचा नाही. पहिल्याच वर्षी मी फसले ती इथे. गावातल्या काथ्याच्या कामावरून ताजा भुसा फुकट मिळाला म्हणून दोन गोणी आणल्या, तशाच ट्रेमध्ये भरल्या. बी उगवलं, दोन पानांवर आलं आणि थांबलं. पंधरा दिवस झाले तरी रोप जिथल्या तिथे, पानं पिवळी. भुशातला खार आणि तो चहासारखा काळा अर्क मुळांना पुढे जाऊ देत नव्हता. तेव्हापासून मी भुसा पिंपात भिजवते, रात्रभर ठेवते, पाणी ओतून देते, असं तीनदा. तिसऱ्या खेपेला पाणी फिक्या चहासारखं निघालं की झालं.

मिश्रण किती ओलं हवं? मूठभर घ्या आणि आवळा. बोटांच्या फटीत पाणी चमकलं पाहिजे, पण मनगटावरून ओघळता कामा नये. ओघळलं तर पसरून दोन तास वाऱ्यावर ठेवा. आपल्याकडची निम्मी रोपं पहिल्याच दिवशी जास्त ओल्या भुशात बुडालेली असतात.

मिश्रणातली बुरशी मारायची तर ऊन लागतं, आणि ते सप्टेंबरात नसतं. म्हणून हे काम मे महिन्याचं आहे. वाळू आणि गांडूळखत ओलं करून अंगणात वीतभर थरात पसरायचं, त्यावर पारदर्शक प्लास्टिक ताणून कडा मातीनं दाबायच्या आणि चार-पाच आठवडे तापू द्यायचं. मृगाच्या आत उचलून गोणीत भरून माळ्यावर. तापलेल्या खतातले चांगले जीवही मरतात, म्हणून बी टाकायच्या आठवडाभर आधी त्यात ट्रायकोडर्माची, म्हणजे रोगाच्या बुरशीला मारणाऱ्या उपयोगी बुरशीची, भुकटी मिसळते. भातासाठी आपण राब भाजतो त्यातही बाकीच्या फायद्यांबरोबर हाच एक होता: तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जागेवरचं तण आणि रोगराई जाळणं. वाडवडील रोपाची जागा तापवल्याशिवाय बी टाकत नसत. आपण आता सरळ दुकानातली पिशवी फोडतो. यंदा तुमचा मे गेलाच आहे, तर चुलीवर मोठ्या टोपात मिश्रण ओलं करून, झाकण ठेवून वाफवा. गरम वाफ अर्धा तास बसली तरी पुरे. घरच्या मंडळींना आधी विचारा, वास येतो.

बी. दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून आधी बघा. आपल्या दमट हवेत कागदाच्या पुडीतलं बी एका पावसाळ्यात निकामी होतं. काकडीचं बी शेणात कालवून भिंतीवर थापायची आमच्या सासूबाईंची पद्धत होती, आणि वांग्याचं बी राखेत. दोन्हींमागे हेतू एकच, बी कोरडं राहावं. आता घट्ट झाकणाच्या डब्यात कोरडी राख किंवा भाजलेले तांदूळ पुरचुंडीत ठेवले तरी चालतं. मिरचीचं बी पेरण्याआधी रात्रभर भिजवा, मग निथळून ट्रायकोडर्मा चोळा. टोमॅटो पाच-सात दिवसांत उगवतो, वांगं सहा-आठ, मिरची आठ ते बारा. मिरची उशिरा उगवते म्हणून रोज उकरून बघणारे मला माहीत आहेत. मीही त्यातलीच होते.

जातींबद्दल एकच सांगते. आपल्या आम्लधर्मी जांभ्याच्या मातीत वांगी-टोमॅटोला जिवाणूंची मर फार लागते. हिरवंगार झाड दुपारी माना टाकतं, दोन दिवसांत मरतं. खात्री करायची असेल तर त्याचा बुंधा तिरपा कापून पाण्याच्या पेल्यात लटकवा. काही मिनिटांत कापलेल्या जागेतून दुधासारखे धागे खाली उतरताना दिसतील. तसं दिसलं तर औषधावर पैसे घालू नका. तिथे तीन वर्षं तरी वांगं, टोमॅटो, मिरची नको. टोमॅटोत बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचा अर्का रक्षक ही मर सोसतो. मिरचीत दापोली विद्यापीठाची कोकण कीर्ती आपल्या हवेला रुळलेली आहे. रानवांग्याच्या खुंटावर वांग्याचं कलमही करतात. आंब्याचं कोय कलम बांधणाऱ्या गावात हे अजून घरोघरी का होत नाही, याचं मला नवल वाटतं.

पेरणीच्या तारखा गणपतीवर ठरवू नका, ते कधी ऑगस्टात येतात, कधी सप्टेंबरात. रोपं बाहेर कधी जाणार तिथून मागे मोजा. हवामान खात्याच्या हिशेबानं मुंबईतून मोसमी पाऊस परतायची सरासरी तारीख ८ ऑक्टोबर आहे. आपण दक्षिणेला, म्हणून थोडं पुढे धरायचं. त्यानंतरही विजा-गडगडाटाच्या संध्याकाळच्या सरी येतातच. हळवं, म्हणजे लवकर पिकणारं, भात कापून जमीन मोकळी व्हायला ऑक्टोबरचा दुसरा-तिसरा आठवडा उजाडतो. मिरचीच्या रोपाला चाळीस-पंचेचाळीस दिवस लागतात, म्हणजे ती ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. वांग्याला तीस-पस्तीस, ते सप्टेंबरच्या मध्यावर. टोमॅटो पंचवीस दिवसांत तयार होतो, त्याची घाई करणं म्हणजे पडवीत जंगल करणं. कोबी, फ्लॉवर, नवलकोल यांना गारवा हवा, ते महिनाअखेरीला टाका.

तुम्ही हे सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात विचारताय. तेव्हा सगळं नव्यानं करायला वेळ आहे. मिरची पंधरवडाभर मागे पडेल, काही बिघडत नाही, आपल्याकडे दहिवरानं झाडं मरत नाहीत. आपला हंगाम दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी संपतो. मार्चअखेर तुमच्या विहिरीला किती पाणी असतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि तेवढीच रोपं करा. साठ सेंटिमीटरवर लावली तर एका गुंठ्यात पावणेतीनशेच्या आसपास झाडं बसतात. चार माणसांच्या घराला पन्नास मिरच्या, पंचवीस वांगी आणि तेवढेच टोमॅटो म्हणजे शेजारीही खातात.

उरलेल्या लांबड्या रोपांपैकी टोमॅटो वाचवता येतील. त्याच्या देठाला जमिनीत मुळं फुटतात, म्हणून मोठ्या कपात वरच्या पानांपर्यंत खोल लावा. वांगी, मिरची टाकून द्या. जीव अडकतो, मला कळतं, पण टाका.

रोजचं काम फार नाही. बी दिसेनासं होईल इतकंच झाकायचं, ट्रेवर ओलं गोणपाट टाकायचं, आणि पहिला अंकुर दिसला त्याच दिवशी गोणपाट काढायचं. संध्याकाळी काढू असं म्हणालात तर संध्याकाळपर्यंत माना वाकड्या झालेल्या असतात. पाणी सकाळीच, आणि ट्रे उचलून बघितल्यावर हलका लागला तरच. झडीच्या दिवसांत तीन-तीन दिवस पाणी लागत नाही. माती वरून सुकी दिसली म्हणून झारी उचलणाऱ्यांची रोपं मरतात. वारा पडला असेल तर टेबलफॅन दुरून तासभर. आणि सकाळ-संध्याकाळ रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवा, मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा. हे लाड नव्हेत. हलल्यानं रोप बुटकं आणि दणकट होतं. काथ्याच्या भुशात खाऊ काही नसतं, म्हणून अंकुराच्या पहिल्या दोन दळांनंतरचं दुसरं खरं पान उघडलं की आठवड्यातून एकदा १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक-दीड ग्रॅम, नाहीतर गांडूळपाणी पातळ करून.

चोर बरेच असतात. मुंग्या टोमॅटोचं बी उचलून नेतात, म्हणून बाकाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. गोगलगायी रात्री बॅटरी घेऊन वेचाव्या लागतात. मीठ टाकायचा मोह होतो, पण ते मीठ शेवटी ट्रेमध्येच जातं. पाऊस थांबला की फुलकिडे आणि पांढरी माशी येते आणि मिरचीला बोकड्या, म्हणजे पानं आक्रसून वळायचा रोग, देऊन जाते. तो रोग बहुतेकदा रोपवाटिकेतूनच शेतात जातो. त्यामुळे ऑक्टोबर लागताच ट्रेवर बारीक नायलॉनची जाळी ताणते, मच्छरदाणीपेक्षा बारीक, चाळीस मेशची. वांदरांवर मला उपाय सापडलेला नाही.

पडवीतलं रोप एकदम शेतात नेलंत तर ऑक्टोबरचं ऊन त्याला भाजून काढतं. आठ-दहा दिवस आधी पाणी कमी करा आणि रोज थोडं जास्त ऊन दाखवा. पहिल्या दिवशी आठपर्यंतचं, मग नऊपर्यंतचं, शेवटी दिवसभर. देठ हिरव्याचा किंचित जांभळट-तपकिरी झाला, वाकवल्यावर मोडेल असा न वाटता परत उभा राहिला की तयार. खड्ड्यात ओंजळभर शेणखत आणि चिमूटभर चुलीची राख. लावणी उन्हं उतरल्यावर. दुपारच्या बाजूला ऐनाचा किंवा किंजळीचा टाळ खोचा, चार दिवसांत त्याची पानं गळतात तोवर रोप सावरलेलं असतं.

सगळ्याच भाज्यांचं रोप करायचं नसतं. मुळा, माठ, भेंडी, गवार, चवळी, कडवे वाल थेट जागेवर. त्यांचं मूळ हललं की ती रुसतात. कडव्या वालाला तर भात कापलेल्या शेतातली ओलच पुरते, त्याला पडवी दाखवायचीसुद्धा गरज नाही.

वेलभाज्यांचं एक वेगळं आहे, तेवढं सांगून थांबते. काकडी, पडवळ, दोडका, कारलं आपण मृगाच्या पावसावर आळ्यात टोकतो, आणि बऱ्याचदा पहिल्याच मोठ्या सरीनं माती थापली जाऊन बी कुजतं, किंवा उगवलेलं गोगलगाय खाते. त्यापेक्षा मेच्या पंचवीस तारखेच्या सुमारास केळीच्या सोपटाची वीतभर उंचीची नळी करा, सुंभानं बांधा, मिश्रण भरा आणि प्रत्येकीत दोन बिया टाका. या वेळी पडवीत ठेवायचं कारण उलटं: ऊन फार असतं. बारा-पंधरा दिवसांत दोन खरी पानं येतात, तोवर पाऊस धरलेला असतो. मग सोपटासकट आळ्यात पुरायचं, म्हणजे मुळाला धक्का लागत नाही, आणि सोपट तिथेच कुजतं. त्या आधीच्या महिनाभर अंगणात प्लास्टिकखाली तुमचं भाद्रपदाचं खत तापत असेल, नळ्या भरायला त्यातलंच दोन घमेली काढून घ्या.